बुलकांच्या घरातली बाकीची माणसं

तुम्ही ‘माय मॅन गॉडफ्रे’ हा जुना हॉलीवूडपट पाहिलात, आणि आठवडा झाला तरी नायक-नायिकेपेक्षा तो घोगऱ्या आवाजाचा बाप, अखंड बोलणारी आई आणि फर्निचरवरून उड्या मारत गोरिला होणारा तो पाहुणाच डोक्यातून जात नाहीत, असं लिहिलंत. हे नट कोण, ते इतके का लक्षात राहतात, आणि तुमच्या एकांकिकेतल्या श्रीमंत, विक्षिप्त कुटुंबासाठी त्यातून काय उचलता येईल, हे तुमचे प्रश्न. शिवाय तुमचा एक नट माकडाची नक्कल करतो, ती तालमीगणिक लांबत चाललीय, ती ठेवावी की कापावी, हाही. मी आयुष्यभर विनोदी नाटकं बसवत आलोय. त्यामुळे हे उत्तर सिनेमाच्या अभ्यासकाचं नाही, तालमीच्या हॉलमधल्या माणसाचं आहे, असं समजून वाचा.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. १९३६ साल, मंदीतलं न्यूयॉर्क. नदीकाठच्या कचरा-मैदानावर राहणाऱ्या बेघर गॉडफ्रेला बुलक नावाच्या श्रीमंत घरातली धाकटी मुलगी आयरीन एका खेळातली ‘वस्तू’ म्हणून पंचतारांकित हॉटेलात घेऊन जाते. कुणालाच नको असलेल्या गोष्टी शोधून आणायच्या, असा तो खेळ, आणि यादीत ‘विसरला गेलेला माणूस’ही असतो. आयरीन जिंकते आणि त्याला घरी बटलर म्हणून ठेवून घेते. पुढे तिचं त्याच्यावर प्रेम बसतं, थोरली बहीण कॉर्नेलिया त्याला चोर ठरवायला टपलेली असते, आणि हा बेघर माणूस मुळात बॉस्टनच्या बड्या घराण्यातला निघतो. दिग्दर्शक ग्रेगरी ला काव्हा, निर्मिती युनिव्हर्सलची. गॉडफ्रे झालेला विल्यम पॉवेल आणि आयरीन झालेली कॅरोल लोम्बार्ड हे एकेकाळचे नवरा-बायको. चित्रपटाच्या तीन वर्षं आधी त्यांचा घटस्फोट झाला होता, आणि तरी आयरीनसाठी लोम्बार्डच हवी, असा आग्रह पॉवेलनेच धरला होता.

आता मुद्द्याचं. तुम्हाला वाटतंय की हे दुय्यम नट जास्त विनोदी आहेत म्हणून लक्षात राहिले. माझं म्हणणं वेगळं आहे. या घरातल्या एकाही माणसाला आपण विनोदी आहोत हे माहीत नाही, आणि प्रत्येकाचा आवाज आणि लय दुसऱ्यापासून इतकी लांब ठेवलेली आहे की डोळे मिटून ऐकलंत तरी कोण बोलतंय ते चुकायचं नाही. चित्रपट परत लावा आणि पहिल्यांदा खरोखर डोळे मिटून ऐका. इंग्रजी कळो न कळो. खर्जात बाप, तार सप्तकात आई, मध्ये कुठेतरी थंड, सपाट स्वरात कॉर्नेलिया, तिच्याहून कोरडी मोलकरीण मॉली, धापा टाकत पळणारी आयरीन, आणि या सगळ्यांच्या मागे कण्हणारा तो पाहुणा, कार्लो. पॉवेल या सगळ्यांत हळू आणि सगळ्यांत स्वच्छ बोलतो. तो बहुतेक वेळ ऐकतोच. आवाजांची ही वाटणी आपोआप होत नाही, ती कास्टिंगमध्ये ठरते.

बापापासून सुरुवात करतो, कारण तो माझा आवडता. अलेक्झांडर बुलक म्हणजे युजीन पॅलेट. १८८९ चा जन्म, कॅन्सस राज्यातला. मूकपटांच्या काळात हा चांगला सडपातळ, देखणा नट होता. दिग्दर्शक ग्रिफिथच्या ‘इन्टॉलरन्स’ या मूकपटात (१९१६) तो तरुण प्रेमिकाच्या भूमिकेत आहे, आणि ते पाहून तुमचा विश्वास बसणार नाही. बोलपट आले तोवर देह सुटला होता, पण त्याच देहातून हा आवाज निघाला. घोगरा, खडबडीत, पोटाच्या तळातून येणारा. मूकपटातले अनेक नट आवाजाने बुडाले, हा आवाजाने तरला. १९३८ च्या रॉबिन हूडमधला फ्रायर टक हाच, ‘द लेडी ईव्ह’मधला (१९४१) बिअरवाला लक्षाधीश बापही हाच. दोनशेच्या वर चित्रपट त्याच्या नावावर आहेत.

त्याचं काम बघताना एक गोष्ट पाहा. तो कधीही आश्चर्य दाखवत नाही. हॉटेलात तो बारपाशी उभा असतो, समोर बकऱ्या, माणसं, आरडाओरडा. शेजारचा माणूस म्हणतो, हे वेड्यांचं इस्पितळच वाटतंय. पॅलेट म्हणतो, इस्पितळ काढायला लागतं काय, एक रिकामी खोली आणि योग्य ती माणसं. मग तो शेजारी बकरीवाल्या बाईकडे बोट दाखवून काहीतरी बोलतो, आणि हा सांगतो की गेली वीस वर्षं तिला मीच बघतोय, ती माझी बायको. शेजारी ओशाळून माफी मागतो. पॅलेटचं उत्तर: मग मला कसं वाटत असेल? आपल्याकडचे नट हे वाक्य टाकून प्रेक्षागृहाकडे बघतील, किंवा निदान एक सुस्कारा सोडतील. पॅलेट हवामान सांगावं तसं सांगतो. सुस्कारा सोडला असता तर बिचारा नवरा झाला असता आणि हशा अर्धा झाला असता.

आणि याच सपाटपणाचा फायदा पुढे होतो. शेवटाकडे बुलक सांगतो की आपण बुडालो, आपलेच नाही तर भागधारकांचेही पैसे घालवलेत. तिथे त्याचा आवाज बदलत नाही. तासभर ज्या सुरात तो घरखर्चावर कुरकुर करत होता त्याच सुरात दिवाळखोरी सांगतो. म्हणून ती खरी वाटते. सुरुवातीपासून ‘कॉमेडी’ केली असती तर हा प्रसंग त्याला पेललाच नसता. विनोदी भूमिकेचा नट निवडताना मी हेच बघतो: या माणसाने उद्या गंभीर बातमी सांगितली तर मी ऐकेन का?

आई अँजेलिका म्हणजे अ‍ॅलिस ब्रेडी. नाट्यनिर्माते विल्यम ब्रेडी यांची मुलगी, न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर वाढलेली. १९३१ साली अमेरिकन नाटककार युजीन ओ’नीलच्या ‘मॉर्निंग बिकम्स इलेक्ट्रा’ या दीर्घ शोकनाट्यात लॅव्हिनिया तिने साकारली होती. त्या भूमिकेत नटी अक्षरशः दगड होते. तीच बाई पाच वर्षांनी चिमणीसारखी चिवचिवते आहे. मला यात काही विसंगती वाटत नाही. शोकनाट्य करणाऱ्या नटांना एक शिस्त असते, मनात जे चाललंय ते शेवटपर्यंत धरून ठेवायची. ब्रेडी ती शिस्त उलट वापरते. अँजेलिकाच्या मनात एका वेळी एकच विचार असतो, तो पूर्ण प्रामाणिक असतो, आणि पुढच्या क्षणी पूर्ण प्रामाणिकपणे दुसरा येतो. दारू उतरलेली नसताना सकाळी खोलीत छोटी पिशाच्चं दिसतात, तेव्हा ती घाबरत नाही. त्यांना कुणी तुडवू नये, याची तिला काळजी. वाक्याच्या मध्येच ती दुसरीकडे वळते, पण पहिलं वाक्य ‘खात’ नाही. शेवटच्या शब्दापर्यंत ऐकू येतं. आपल्याकडे भराभर बोलायला सांगितलं की नट शेवटचे दोन शब्द गिळतात, आणि मराठीत क्रियापद शेवटी असल्याने सगळं वाक्यच जातं. ब्रेडीची ती धावती वाक्यं ऐकून ऐकून कान तयार करा. ती १९३९ साली गेली, ४६ वर्षांची असताना.

कार्लो म्हणजे मिशा आवर. हा अँजेलिकाचा ‘आश्रित कलावंत’. पियानो वाजवतो, त्याहून जास्त खातो, आणि नेमका काय उद्योग करतो ते शेवटपर्यंत कुणी सांगत नाही. सांगता येणारही नव्हतं. १९३४ च्या मध्यापासून हॉलीवूडमध्ये सेन्सॉरची आचारसंहिता कडकपणे लागू झाली होती. विवाहित बाईच्या घरात राहणारा तरुण म्हणजे काय, हे बोलायची सोय नव्हती. ला काव्हाने मग त्याला इतका निरुपद्रवी आणि इतका खादाड करून ठेवला की आक्षेप घेणार कशावर? मात्र नवऱ्याचा वैताग मात्र अगदी नवऱ्याचाच आहे, आणि ज्याला कळायचं त्याला कळतं. मला हे बंधनातून सुचलेलं उत्तम लेखन वाटतं.

आवरचा जन्म सेंट पीटर्सबर्गचा, १९०५ चा. लिओपोल्ड आवर हे त्याचे आजोबा, म्हणजे यशा हायफेट्झसारखे व्हायोलिनवादक घडवणारे थोर गुरू. अशा घरातला हा नातू अमेरिकेत आला आणि बरीच वर्षं छोट्या छोट्या भूमिकांत परदेशी खलनायक, हेर वगैरे करत राहिला. लांब चेहरा, खोल डोळे, त्यामुळे दुसरं काही मिळत नव्हतं. गॉडफ्रेमधल्या गोरिलाने त्याचं नशीब उलटलं. पुढे त्याला विनोदी रशियन म्हणूनच बोलावलं जाऊ लागलं. कार्लोच्या कामात मला गोरिलापेक्षा दुसरी जागा मोठी वाटते. बुलक हिशेब मांडत असतो: सरकारला साठ टक्के द्यायला माझी ना नाही, पण घरच्यांनी पन्नास टक्के उडवले तर देऊ कुठून? आणि मागे खिडकीपाशी कार्लो पैसा, पैसा म्हणत आक्रोश करतो, जणू त्याच्या आत्म्याला कुणी डागणी दिली. लगेच अँजेलिका नवऱ्याला गप्प करते, पैशाचं बोलू नका, कार्लोला त्रास होतो! हा प्रसंग तुमच्या नटांना दहा वेळा दाखवा. विनोद कार्लोच्या रडण्यात नाही. विनोद अँजेलिकाला त्याचं रडणं रास्त वाटण्यात आहे, आणि बुलकला हे रोजचं असल्याने धक्का बसत नाही यात. तीन माणसं, तीन वेगळी सत्यं, आणि कुणीही दुसऱ्याला हसत नाही.

कॉर्नेलिया करणाऱ्या गेल पॅट्रिककडे लोकांचं लक्ष कमी जातं, कारण ती हसवत नाही. पण ती काढा, चित्रपट पाण्यासारखा पातळ होईल. मोत्यांचा हार गॉडफ्रेच्या गादीखाली लपवून पोलिसांना बोलावणारी ही बाई घरात एकमेव खरी धोकादायक व्यक्ती आहे. फार्समध्ये कुणीतरी एक असा लागतो ज्याची प्रेक्षकांना थोडी तरी भीती वाटावी. बाकीच्यांनी कितीही धुमाकूळ घातला तरी नायकाचं काय होईल ही काळजी त्याच्यामुळे टिकते. पॅट्रिक मूळची अलाबामाची, कायदा शिकत असताना सिनेमात आली, आणि पुढे ‘पेरी मेसन’ या वकिलाच्या गाजलेल्या टीव्ही मालिकेची कार्यकारी निर्माती झाली. तिचा तो थंड, तोलून बोलायचा स्वर ऐकला की हे सगळं जुळतं.

मॉलीवर मी थोडा रेंगाळणार आहे. जीन डिक्सन. ही ब्रॉडवेची नटी, चित्रपट तिने मोजकेच केले; ‘हॉलिडे’ (१९३८) पाहिलात तर तिथे ती परत भेटेल, एडवर्ड एव्हरेट हॉर्टनची बायको म्हणून. गॉडफ्रे पहिल्या सकाळी कामावर येतो तेव्हा त्याला या घराचे नियम मॉली सांगते. इथले बटलर किती टिकतात, मालकीणबाईंकडे कधी जायचं, कधी पळायचं. लेखकाला माहिती द्यायची आहे, आणि माहितीची वाक्यं ही कुठल्याही संहितेत सर्वांत मेलेली वाक्यं असतात. डिक्सन ती अशी टाकते की सांगायचाच तिला कंटाळा आलाय, कारण हेच तिने आधीच्या प्रत्येक बटलरला सांगितलंय. कंटाळा हाच तिचा सूर. आणि मग पुढे एके ठिकाणी कळतं की तीही गॉडफ्रेवर जीव लावून बसलीय. मोलकरीण आणि मालकाची मुलगी, दोघींचं दुखणं एकच. मॉलीला यातून काही मिळत नाही. कथा तिला सोडून पुढे निघून जाते. संहितेतला हा कच्चा धागा आहे असं मी म्हणेन, पण डिक्सनने तो इतका हलक्या हाताने धरलाय की लेखकाचा विसरभोळेपणा आपण तिच्या नशिबावर ढकलतो.

उरलेल्यांपैकी दोघे. हॉटेलातल्या त्या खेळाचे गुण मोजणारा, गॉडफ्रेची दाढी खरी आहे का ते परवानगी मागून तपासणारा नट म्हणजे फ्रँकलिन पँगबोर्न. हॉटेलचे मॅनेजर, दुकानातले लगबगीचे विक्रेते, बँकेचे तपासनीस हे त्याचं आयुष्यभराचं खातं. मिनिटभर दिसतो आणि त्या सगळ्या गोंधळात नियमांना जागणारा एकटा तोच असतो. दुसरा गॉडफ्रेचा जुना मित्र टॉमी, म्हणजे अ‍ॅलन मोब्रे. तो गॉडफ्रेला बटलरच्या वेशात पाहतो, गोंधळतो, आणि मित्राची लाज राखायला थापा मारता मारता त्याला बायको आणि पाच मुलं चिकटवून टाकतो. खोटं बोलणाऱ्याला स्वतःच्या खोट्याचा किती आनंद होत असतो, ते मोब्रेकडून शिकावं. पडद्याबाहेर हा गृहस्थ अमेरिकन सिनेनटांच्या संघटनेच्या, स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्डच्या, १९३३ मधल्या संस्थापकांपैकी.

ही सगळी मंडळी एकाच चित्रपटात आली कशी? काही अंशी योगायोग, पण बराचसा तेव्हाचा धंदा. बोलपट आल्यावर हॉलीवूडला बोलणारी माणसं हवी होती आणि ती रंगभूमीवरून आली. मग स्टुडिओंनी त्यांना करारावर ठेवलं, वर्षाला सात-आठ चित्रपटांत वापरलं, एकमेकांना उसने दिलं. प्रेक्षक त्यांना चेहऱ्याने ओळखत. पॅलेट दारातून आत आला की हा पैसेवाला पण गांजलेला माणूस, हे पहिल्या पावलातच कळे. ओळख करून द्यायला लेखकाला पान खर्चावं लागत नसे. वाचलेला तो वेळ नायक-नायिकेच्या भांडणाला मिळे. ला काव्हा मूळचा व्यंगचित्रकार, मूकपटांच्या काळात त्याने कार्टून-स्टुडिओ चालवलेला. सेटवर तो दृश्यं ऐनवेळी बदलायचा, नटांना सुचलेलं घ्यायचा. असं करायला समोर मुरलेले नट लागतात, आणि ते त्याच्याकडे होते.

एक योग मात्र सांगण्यासारखाच आहे. सहायक भूमिकांसाठी ऑस्कर देणं सुरू झालं ते १९३६ च्या चित्रपटांपासून, समारंभ मार्च १९३७ मध्ये झाला. म्हणजे दुय्यम नटांना पारितोषिक असावं हे अकादमीला सुचलं त्याच वर्षी हा चित्रपट आला. अभिनयाच्या चारही गटांत नामांकन मिळवणारा पहिला चित्रपट हाच: पॉवेल, लोम्बार्ड, आवर, ब्रेडी. शिवाय दिग्दर्शन आणि पटकथेचं नामांकन. सहापैकी एकही मिळालं नाही. सहायक अभिनेता वॉल्टर ब्रेनन ठरला, अभिनेत्री गेल सोंडरगार्ड. पुढच्याच वर्षी ब्रेडीला ‘इन ओल्ड शिकागो’साठी ते मिळालं. आणि हेही ऐका: सुरुवातीची काही वर्षं सहायक नटांना ती सोनेरी बाहुली देतच नसत, एक पाटी देत. मान सुद्धा दुय्यमच.

तुमच्या एकांकिकेकडे येतो. पहिलं वाचन करताना नटांना भूमिका देऊ नका. सगळ्यांना पाठमोरं बसवा, संहिता हातात द्या, एकेक पान वाचायला लावा आणि तुम्ही फक्त ऐका. ज्या दोघांचे आवाज एकमेकांत मिसळतात त्यांना नवरा-बायको करू नका, भले ते दिसायला कितीही शोभोत. सर्वांत खालचा आवाज कुठे बसवायचा ते आधी ठरवा, कारण बाकीचे त्याच्यावर उभे राहतात. मुलींचा भरणा असेल आणि खर्जातला मुलगा मिळत नसेल तर बापाऐवजी आजी करा, पण तो खालचा सूर सोडू नका.

मग लय. विनोदी म्हणजे जलद, ही समजूत आपल्या एकांकिका स्पर्धांनी पक्की केलीय, कारण घड्याळ समोर असतं. सगळेच पळायला लागले की प्रेक्षकाला वेग कळतच नाही. लोम्बार्ड जलद वाटते कारण पॉवेल सावकाश आहे. तुमच्या कुटुंबात एक माणूस असा ठेवा जो घर पेटलं तरी चहा गाळूनच घेईल. शक्य असेल तर त्याला हातात काम द्या. चांदीची भांडी पुसणं, भाजी निवडणं, काहीही, फक्त प्रयोगात ते खरोखर पूर्ण व्हायला हवं.

हशाचं गणित सिनेमापेक्षा रंगमंचावर वेगळं आहे, त्यामुळे इथे चित्रपटाची सरळ नक्कल करू नका. चित्रपटात हशासाठी थांबता येत नाही, कारण कुठल्या थिएटरात किती हसतील कोण सांगणार? म्हणून त्या काळचे दिग्दर्शक पंच झाल्यावर ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवत. तेवढ्यात हशा होऊन जाई आणि पुढचं वाक्य वाचे. पॉवेलचे ते निर्विकार चेहरे कितीदा येतात बघा. ते शोभेचे नाहीत, कामाचे आहेत. रंगमंचावर ही सोय नटालाच करावी लागते. हशा चढत असताना थांबायचं, उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकायचं, पूर्ण शांत व्हायची वाट बघायची नाही. थांबताना मात्र भूमिका सोडायची नाही. पॅलेटसारखा नुसता उभा राहता आला पाहिजे. नवे नट इथे घाबरतात आणि पदरचं काहीतरी टाकतात, आणि त्या पदरच्या वाक्यावर पुढचा खरा पंच मरतो.

चित्रपटात मला न पटणारं काय, तेही सांगून टाकतो, म्हणजे आंधळेपणाने त्याच्या मागे जाऊ नका. शेवट ओढून आणलाय. कचरा-मैदानावर नाइटक्लब काढून बेघरांना नोकऱ्या दिल्या की मंदी मिटली, हे १९३६ सालीही कुणाला पटलं असेल असं वाटत नाही. पहिल्या दहा मिनिटांत हॉटेलभर जमलेल्या रिकामटेकड्यांना तोंडावर सुनावणारा गॉडफ्रे शेवटी त्यांनाच गिऱ्हाईक करतो. आणि आयरीन त्याला शेवटी लग्नाला उभं करते ते त्याला न विचारताच. लोम्बार्डच्या झपाट्यामुळे आपण हसतो, पण तुमच्या संहितेत मुलगा-मुलगी उलट करून हा शेवट लिहून बघा, मग कळेल किती अवघड जागा आहे. दुय्यम माणसं या शेवटात जवळजवळ नाहीतच, आणि चित्रपट तिथेच सैल पडतो हा मला योगायोग वाटत नाही.

परत पाहताना प्रत नीट निवडा. या चित्रपटाचा अमेरिकेतला कॉपीराइट नूतनीकरणाअभावी संपला, त्यामुळे इंटरनेटवर त्याच्या पडलेल्या प्रतींचा सुळसुळाट आहे. चित्र खराब असलं तर एक वेळ चालेल, पण आवाज फाटलेला असेल तर मी वर जे सांगितलं त्यातलं निम्मं तुम्हाला ऐकूच येणार नाही. नंतर रंग चढवलेली एक आवृत्तीही आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. पहिल्या श्रेयनामावलीत शहराच्या इमारतींवर नावं निऑनच्या पाट्यांसारखी लागत जातात, ती काळ्या-पांढऱ्यातच बघायची. १९५७ मध्ये डेव्हिड निव्हनला घेऊन हाच चित्रपट पुन्हा काढला गेला. दोन्ही शेजारी शेजारी पाहिलेत तर दुय्यम नट बदलले की काय होतं याचा वेगळा तास घ्यावा लागणार नाही.

आता तुमचं माकड. कार्लोचा गोरिला चालतो कारण तो मागितलेला आहे. आयरीन रुसून पडलीय, आई तिला हसवायला कार्लोला गोरिला करायला लावते, आणि कार्लो कलावंत असल्याने ते मनापासून करतो. केस पुढे घेतो, हात लोंबकळवतो, सोफ्यांवरून जातो, लटकतो. पण जिच्यासाठी हे चाललंय ती मुलगी काही हसत नाही. म्हणजे गोरिलाला कारण आहे, प्रेक्षक आहे आणि अपयश आहे. तुमच्या नटाच्या माकडाला यातलं काय आहे ते आधी तपासा. घरातलं कुणी ते मागत नसेल तर कापा, तो कितीही नाराज झाला तरी. मागत असेल तर ठेवा, पण पुढच्या तालमीत त्याला काही सांगू नका. ज्याच्यासाठी तो ते करतोय त्या नटाला बाजूला घ्या आणि सांगा की तुला आज अजिबात हसू येत नाहीये. नक्कल आपोआप आटोक्यात येईल. तरीही नाही आली, तर बापाची एंट्री तीस सेकंद अलीकडे आणा.